ठिपका, रंग आणि डोळा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



या महोत्सवाची रंगीत निमंत्रणपत्रिका घरोघरी पोहोचली आहे. तिच्यावर केशरी आहे, पोपटी आहे, जांभळा आहे, तपकिरीच्या तीन-चार छटा आहेत. छापखान्यात मात्र यांपैकी एकाही रंगाची शाई यंत्रात घातलेली नसते. ऑफसेटच्या यंत्राला चारच शाया लागतात आणि छापखान्यातील माणसे त्यांना सायन, मॅजेन्टा, यलो व ब्लॅक याच नावांनी ओळखतात. घड्याळजीचे किंवा सराफाचे भिंग त्या पत्रिकेवर ठेवले तर केशरी रंग नाहीसा होतो. उरतात ते पांढऱ्या कागदावरचे पिवळे आणि गुलाबीसर लाल ठिपके, काही शेजारी शेजारी, काही एकमेकांवर चढलेले. भिंग उचलले की केशरी परत येतो. तो कागदावर नव्हताच, तर आला कोठून, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

उत्तराचा पहिला भाग डोळ्याच्या मर्यादेत आहे. पंचांग पाहणाऱ्यांना ठाऊक असते की एका अंशाच्या साठ कला होतात. निरोगी मानवी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये साधारणपणे 1 कला एवढे कोनीय अंतर असावे लागते. एक मीटरवरून पाहताना हे अंतर सुमारे 0.29 मिलीमीटर भरते. वाचताना पुस्तक हातभर अंतरावर, म्हणजे 30 सेंटिमीटरवर धरले, तर ते 0.09 मिलीमीटरच्या आसपास येते. त्याहून जवळचे दोन ठिपके डोळ्याच्या लेखी एकच. याची कारणे दोन. डोळ्याचे पारपटल, बाहुली आणि नेत्रभिंग मिळून जी प्रतिमा तयार करतात ती मुळातच किंचित पसरट असते, बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही. दुसरे असे की, ज्या दृष्टिपटलावर ती पडते तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी अगदी दाटीवाटीने असल्या तरी त्यांचीही काही एक जाडी असतेच. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे 60 लाख आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी, पण मेंदूकडे निरोप नेणाऱ्या मज्जातंतूत तंतू आहेत अवघे 10 ते 12 लाख. म्हणजे निरोप डोळ्यातच एकत्र होतात, त्यांची बेरीज-वजाबाकी होते आणि मगच ते पुढे जातात.

छापील चित्राचे गणित याच कलेवर बसवलेले आहे. चांगल्या कागदावरील छपाईत इंचाला 150 ठिपक्यांच्या ओळी असतात. दोन ओळींतील अंतर 0.17 मिलीमीटर, म्हणजे हातभर अंतरावरून जेमतेम 2 कला. एक ओळ आणि एक मोकळी जागा असा हिशेब धरला तर डोळ्याची शक्ती येथे संपते. वर्तमानपत्राच्या जाडसर कागदावर इंचाला 85 च्या आसपास ओळी घेतात, म्हणून वर्तमानपत्रातील छायाचित्र जवळून पाहिले की तीक्ष्ण नजरेला ठिपके दिसतात. आणखी एक बारकावा छापखान्याबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. चारही रंगांच्या ओळी एकाच दिशेने छापल्या तर पातळ पडद्यावर दुसरा पातळ पडदा धरल्यासारख्या लाटा चित्रभर उमटतात. म्हणून प्रत्येक रंगाची ओळ वेगळ्या कोनात फिरवलेली असते. सर्वांत ठळक दिसणारा काळा बहुधा 45 अंशांत ठेवतात, कारण तिरप्या रेषा डोळ्याला उभ्या-आडव्या रेषांपेक्षा कमी जाणवतात. पिवळा सर्वांत कमी उठून दिसतो, तेव्हा त्याला उरलेली, उघडी पडणारी दिशा दिली तरी चालते. ज्याने हे प्रथम ठरवले त्याला डोळ्याची दुबळी बाजू चांगलीच माहीत असली पाहिजे.

भारतात या विद्येचा अधिकारी पुरुष होऊन गेला तो कोलकात्यात. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी हाफटोन ब्लॉकच्या जाळीवर स्वतंत्र संशोधन केले आणि त्यांचे लेख ब्रिटनमधील पेनरोज वार्षिकात छापून आले. महाराष्ट्रात त्याआधीच ठिपक्यांची एक वेगळी परंपरा रुजली होती. राजा रविवर्मा यांचा 1894 साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला शिळाछापखाना पुष्कळांना ऐकून माहीत असेल. तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. लक्ष्मी-सरस्वतीच्या गालावरची सावली हे जाळीचे काम नव्हते, ती कारागिराने दगडावर हाताने भरलेल्या बारीक ठिपक्यांतून येई. जुन्या घरांतून अजून टिकून असलेल्या त्या तसबिरी भिंगातून पाहाव्यात. त्या ठिपक्यांत जाळीचा नियमितपणा नसतो, हात दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ठिपके एकरूप झाले हे मान्य, पण एकरूप होऊन कोणता रंग व्हावा? शाळेत प्रत्येकाने निळ्यात पिवळा कालवून हिरवा केलेला असतो. त्यावरून निळे आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी मांडले तर दुरून हिरवे दिसेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. दुरून दिसतो तो राखाडीकडे झुकणारा फिकट रंग. रंग कालवतो तेव्हा निळे कण पिवळा-तांबडा प्रकाश खातात, पिवळे कण निळा प्रकाश खातात, आणि दोघांच्या तावडीतून सुटलेला हिरवा तेवढा बाहेर येतो. ती वजाबाकी आहे. ठिपके मांडतो तेव्हा प्रत्येक ठिपका आपापला प्रकाश पूर्ण पाठवतो आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. या दोन गोष्टींची शतकानुशतके चाललेली गल्लत हर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी 1852 साली स्पष्ट केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत कागदाच्या पाकळ्या लावलेला भोवरा फिरवून त्याच सरासरीचे मोजमाप घेतले. भोवऱ्यात रंग काळाने मिसळतात, ठिपक्यांत ते जागेने मिसळतात. हिशेब एकच.

हा हिशेब तीनच आकड्यांचा असतो. शंकुपेशी तीन जातींच्या, लांब, मध्यम आणि आखूड लहरींना अधिक प्रतिसाद देणाऱ्या. समोरच्या प्रकाशात किती लहरी आहेत, कोणत्या आहेत, याची सविस्तर नोंद डोळा ठेवत नाही. तीन पेशींनी दिलेले तीन आकडे जुळले की दोन सर्वस्वी भिन्न प्रकाश त्याला एकच रंग वाटतात. कापडाच्या व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना हे शास्त्र न शिकता कळते. दुकानातील ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन ताके ते दाराशी, सूर्यप्रकाशात नेऊन पुन्हा पाहतात, आणि कित्येकदा ते जुळलेले नसतात. याच उणिवेवर दूरचित्रवाणीचा आणि मोबाइलचा सगळा रंगव्यवहार उभा आहे. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा एक बारीक थेंब ठेवावा. थेंबाचे भिंग होते आणि पांढऱ्या पडद्यात तांबडे, हिरवे, निळे कण दिसू लागतात. पडद्यावरील लिंबू पिवळे दिसते, पण तेथे पिवळा प्रकाश जवळजवळ नसतोच.

डोळ्याची रंगाविषयीची बारकाई उजेड-अंधाराच्या बारकाईपेक्षा पुष्कळ कमी आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. आखूड लहरींच्या, म्हणजे निळ्या रंगाच्या शंकुपेशी एकूण शंकुपेशींच्या दहाव्या भागाहूनही कमी असतात आणि दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यावरील खळग्यात त्या जवळजवळ नाहीतच. म्हणून पांढऱ्या कापडावरचा अगदी बारीक पिवळा टाका चार पावलांवरून लोपतो आणि बारीक गडद निळा ठिपका काळाच वाटतो. दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी या दोषाचा मोठा लाभ उठवला. डिजिटल चित्रफितीत उजेडाची माहिती पूर्ण साठवतात, रंगाची मात्र बहुधा तिच्या एक-चतुर्थांश बिंदूंचीच. उरलेले तीन भाग वगळले तरी प्रेक्षकाला काही उणे जाणवत नाही.

या शास्त्राचा उगम प्रयोगशाळेतील जिज्ञासेतून झाला असे वाटेल, पण तो झाला एका तक्रारीतून. पॅरिसच्या गोब्लँ येथील राजकीय विणकामशाळेत 1824 साली मिशेल ऊजेन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचे प्रमुख झाले. तेथे विणकरांची तक्रार होती की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी दिला जाणारा काळा धागा पुरेसा काळा नाही, त्याला जोर नाही. दोष अर्थातच रंगाऱ्यांवर येत होता. शेव्हरल यांनी देशोदेशीच्या उत्तम कारखान्यांतून काळ्या लोकरीचे नमुने मागवले आणि शेजारी ठेवून तपासले. गोब्लँचा काळा कोणाहूनही कमी नव्हता. तो फिका पडत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे. रंगाऱ्याचा हंडा निर्दोष होता, जे घडत होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात.

शेव्हरल यांनी नोंदवलेला दुसरा प्रसंग व्यापारी मंडळींना अधिक जवळचा वाटेल. काही कापड व्यापाऱ्यांनी छापणाऱ्यांकडे तांबडे, जांभळे आणि निळे कापड देऊन त्यावर काळी नक्षी छापायला सांगितले. माल परत आला तेव्हा व्यापारी संतापले. तांबड्या कापडावरची नक्षी हिरवट, जांभळ्यावरची पिवळसर हिरवी आणि निळ्यावरची तांबूस तपकिरी दिसत होती. काळ्याचे पैसे घेऊन भलतेच रंग वापरले, असा आरोप झाला. पेढीवर असा आरोप होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शेव्हरल यांनी पांढरा कागद असा कातरला की कापडाची जमीन झाकली जावी आणि नक्षी तेवढी उघडी राहावी. कागद ठेवताच तिन्ही कापडांवरची नक्षी स्वच्छ काळी दिसली. व्यापारी खोटे बोलत नव्हते, त्यांना हिरवे खरोखरच दिसले होते. छापणारेही खोटे बोलत नव्हते. भांडण मिटायला एक कातरलेला कागद पुरला, आणि त्या कागदाची युक्ती ज्याला सुचत नाही त्याच्या हातून असे किती कारागीर विनाकारण बदनाम होत असतील, कोणास ठाऊक.

यातून शेव्हरल यांनी 1839 साली रंगांच्या समकालिक विरोधाचा नियम ग्रंथरूपाने मांडला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना दूर ढकलतात, प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची छाया टाकतो. पण त्याच विणकामात त्यांना उलट अनुभवही येत होता. तांबडा आणि हिरवा यांसारख्या विरोधी रंगांचे बारीक धागे एकत्र विणले की दोघेही उजळण्याऐवजी मळकट राखाडी होत. पुढे जर्मन हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म फोन बेझोल्ट यांनी 1874 च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, नक्षीच्या रेघा बारीक असतील तर शेजारचे रंग विरोध सोडून एकमेकांकडे झुकतात. गालिच्यातील एकच रंग बदलला की साऱ्या गालिच्याची कळा बदलते. म्हणजे रंगाचा पट्टा रुंद असतो तेव्हा विरोध, बारीक होतो तेव्हा सलोखा आणि 1 कलेच्या खाली गेला की संपूर्ण एकरूपता. या पायऱ्यांमध्ये ठळक सीमारेषा नाही. पैठणीच्या विणकरांनी उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा घेऊन धूपछांव रंग साधला तो याच सीमेवर. पदर हलतो तसा कधी एक धागा वर येतो, कधी दुसरा, आणि स्थिर असताना दोघांचा तिसराच रंग दिसतो.

चित्रकारांपैकी या नियमांच्या मागे हट्टाने लागला तो जॉर्ज सरा. शेव्हरल यांचा ग्रंथ आणि अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ऑग्डेन रूड यांचा 1879 चा ग्रंथ त्याने अभ्यासला. रंगपाटीवर रंग कालवले की ते मळतात, म्हणून शुद्ध रंगाचे बारीक फटकारे आणि ठिपके कॅनव्हासवर मांडावेत आणि मिसळण्याचे काम प्रेक्षकाच्या डोळ्यावर सोपवावे, ही त्याची भूमिका. 1884 ते 1886 या काळात त्याने सीन नदीतील ग्रांद जात बेटावरच्या रविवारचे चित्र रंगवले. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असे ते चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. 1886 साली प्रदर्शनात मांडल्यावर त्याची थट्टाही झाली आणि नवा पंथही निघाला. 1891 साली वयाच्या 31 व्या वर्षी सरा निवर्तला.

त्याची आशा कितपत फळली? रंग कालवून जो काळवंडलेपणा येतो तो ठिपक्यांनी टळतो, हे खरे. परंतु ठिपक्यांचे मिश्रण त्यांच्यातील उजळ ठिपक्याहून उजळ कधीच होऊ शकत नाही, ती सरासरी आहे. सरासरी ही सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठी कशी असेल? शिवाय 3 मिलीमीटरचा ठिपका पूर्ण विरघळून जायला 10 मीटर दूर उभे राहावे लागते, आणि एवढ्या अंतरावरून चित्र कोणी पाहत नाही. तीन-चार मीटरवर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला ठिपके धड वेगळे दिसत नाहीत, धड मिसळतही नाहीत. गवतावर आणि पाण्यावर एक थरथर जाणवते. शास्त्राच्या दृष्टीने हा अपुरेपणा म्हणावा लागेल. चित्राचे आकर्षण मात्र नेमके त्यातच आहे आणि सराला तेच हवे होते की नव्हते, या वादात अभ्यासक अजून गुंतलेले आहेत.

खरी हानी वेगळ्याच दिशेने झाली. सराने जस्तापासून केलेला एक नवा पिवळा वापरला होता. तो अस्थिर निघाला आणि काही वर्षांतच तपकिरी पडू लागला. साध्या चित्रात एखादा रंग बिघडला तर तेवढी जागा बिघडते. ठिपक्यांच्या चित्रात पिवळा ठिकठिकाणी विखुरलेला होता, त्यामुळे उन्हातील गवताचा पोपटी शेवाळी झाला, केशरी ठिपके तपकिरी झाले. सरासरीतील एक आकडा बदलला की उत्तर सर्वत्र बदलते. 2004 साली त्या संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी रंगविज्ञानाच्या अभ्यासकांनी संगणकावर ते चित्र मूळ पिवळ्यासह पुन्हा उभे केले, तेव्हा किती उजेड हरपला आहे हे लोकांना दिसले. कॅनव्हासला कोणी हात लावला नाही, ते योग्यच झाले.

ठिपक्यांचा एक उपयोग असा की जेथे ते मिसळावेत म्हणून मांडलेले नसतात. जपानी नेत्रवैद्य शिनोबू इशिहारा यांनी 1917 साली रंगदृष्टी तपासण्याच्या पाट्या सिद्ध केल्या. गोल चकतीत लहान-मोठे, फिके-गडद ठिपके विखुरलेले असतात आणि त्यांत एखादा आकडा दडलेला असतो. ठिपक्यांचे आकार आणि उजळपणा मुद्दाम कमी-अधिक केलेले असतात, जेणेकरून उजेडाच्या भेदावरून आकडा हाती लागू नये, केवळ रंगावरूनच लागावा. सुमारे 75 सेंटिमीटरवर, नैसर्गिक उजेडात पाटी धरतात. ज्याच्या लांब किंवा मध्यम लहरींच्या शंकुपेशींत उणीव आहे त्याला तांबडा आणि हिरवा वेगळे पडत नाहीत, आणि चकती त्याला निव्वळ ठिपक्यांची वाटते.

अशी उणीव बहुतांशी जन्मजात असते, पुरुषांत अधिक आणि स्त्रियांत क्वचित. तिचे बीज क्ष गुणसूत्रावर असते, ते मुलाला आईकडून येते. आईची दृष्टी मात्र बहुधा पूर्ण निर्दोष असते. वडिलांत उणीव असली तर त्यांच्या पुत्रांत ती वडिलांकडून उतरत नाही, कन्यांकरवी नातवांकडे जाऊ शकते. घरात हे कळले की आजही पहिली प्रतिक्रिया लपवण्याची होते. सोयरिकीच्या वेळी वाच्यता नको, शाळेत सांगायला नको. परिणामी मुलगा चित्रकलेच्या तासाला तपकिरी झाडे रंगवतो आणि त्याला आळशी ठरवले जाते. पुढे ऐन विशीत रेल्वेच्या किंवा अन्य नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, सर्व परीक्षा पार केल्यानंतर, त्याला पहिल्यांदा कळते. दहा मिनिटांची ही तपासणी वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी सहज होण्यासारखी आहे.

अणुसिद्धांताचे जॉन डाल्टन यांना स्वतःलाच ही उणीव होती. 1794 साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी ती उघडपणे मांडली. डोळ्यातील द्रव निळा असल्यामुळे असे होत असावे, ही त्यांची समजूत होती आणि मृत्यूनंतर डोळा उघडून पाहावा अशी इच्छाही त्यांनी व्यक्त केली होती. 1844 साली पाहिले तर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अवशेषांची 1995 साली जनुकीय तपासणी झाली आणि मध्यम लहरींच्या शंकुपेशींचे रंगद्रव्य त्यांच्यात नव्हते असे ठरले.

आपल्या देशात अलीकडे दोन बदल झाले आहेत आणि ज्या घरांना त्यांची गरज आहे तेथे ते पोहोचलेले नाहीत. केंद्र सरकारने जून 2020 मध्ये नियम बदलून सौम्य व मध्यम रंगदृष्टीदोष असणाऱ्यांना वाहन परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा केला, तीव्र दोषाला ही सवलत नाही. दुसरा बदल पुण्याशी निगडित आहे. 2015 साली तेथील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडला गेलेला एक तरुण याच तपासणीत अपात्र ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने नेमलेल्या समितीचे मत असे पडले की, चित्रपट ही अनेकांनी मिळून करण्याची कला आहे, एकाच्या डोळ्याला जे निसटते ते दुसरा सांगू शकतो. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने ते मत स्वीकारले आणि रंगदृष्टीदोष असणाऱ्यांना सर्व अभ्यासक्रमांची दारे उघडण्यास सांगितले. चित्राच्या रंगसंस्करणाचा जो भाग अभ्यासक्रमात होता, तो ऐच्छिक करावा अशी शिफारस त्यात होती.